लोण्याविना खुसखुशीत



डिसेंबरचे दिवस, नागपूरची थंडी आणि दारात संत्र्याची टोपली. या दिवसांत आपल्याकडे पाहुणा आला की संत्रा बर्फीचा डबा पुढे होतो आणि जाताना एक डबा त्याच्या पिशवीतही जातो. माझ्या घरात मात्र काही वर्षांपूर्वी हा डबा उघडायचा म्हणजे पंचाईत होऊ लागली. नातीला दुधाची अ‍ॅलर्जी असल्याचे निदान झाले. दूध, दही, लोणी, तूप, खवा, सगळे एका दिवसात बंद. त्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला इतर मुलांच्या ताटलीत केक आणि बर्फी होती, आणि जिचा वाढदिवस होता तिच्या ताटलीत केळे. ती रडली नाही. "मला हे चालत नाही ना, आजी?" एवढेच म्हणाली. ती रडली असती तर बरे झाले असते, असे मला वाटून गेले.

मग एके दिवशी सूनबाईने विचारले, "आई, यात खोबरेल तेल घातले तर चालेल?" मी म्हटले, "कशात, वेणीत?" आमच्या पिढीच्या नागपूरकरांना खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचे, एवढेच ठाऊक. ती करत होती फळांचा क्रंबल. काचेच्या खोलगट भांड्यात फळांच्या फोडी पसरायच्या. वरून पीठ, साखर आणि लोणी बोटांनी चोळून केलेला जाडसर चुरा भुरभुरायचा आणि भांडे ओव्हनमध्ये ठेवायचे. खाली फळ शिजून रसरशीत होते, वर चुरा भाजून खुसखुशीत होतो. इंग्रजीतल्या त्या नावाचा अर्थही चुरा असाच. तिने लोण्याच्या जागी खोबरेल घातले. नातीने दोनदा मागून घेतले.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पदार्थ जिभेवर आला की तो कुठून आला, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. या चुऱ्याचा माग काढत गेले तेव्हा तो मला आधी विलायतेत घेऊन गेला आणि तिथून आपल्या वर्ध्याला. आज तीच हकिगत सांगणार आहे.

इंग्लंडमध्ये हा पदार्थ घरोघरी रुजला तो दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत, असे मानले जाते. त्याच्याशी नाते सांगणारे प्रकार अमेरिकेत त्याआधीही होत होते. इंग्रजांचा जुना आवडता पदार्थ म्हणजे पाय. पिठाची पारी लाटायची, तिच्यात सफरचंदे भरायची आणि भाजायचे. त्या पारीला लोणी भरपूर लागते. जानेवारी १९४० मध्ये तिथे शिधावाटप सुरू झाले आणि पहिल्याच यादीत लोणी आणि साखर होती. पुढे प्रमाण कमीजास्त होत राहिले, पण एका माणसाला आठवड्याला लोणी साधारण दोन औंस, म्हणजे जेमतेम ५५ ग्रॅम, आणि साखर आठ औंस, असा हिशेब बराच काळ होता. मार्गारीन नावाचा लोण्याचा बदली पदार्थ चार औंस मिळे. ही शिधापत्रिका १९५४ पर्यंत चालली. म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षे!

अशा वेळी पारी लाटणे परवडेना. चुऱ्याला मात्र पीठही कमी लागते आणि स्निग्ध पदार्थही कमी. तो लाटावा लागत नाही, फाटण्याची भीती नाही, आणि परसातली आंबट सफरचंदेसुद्धा त्याखाली खपून जातात. लोणी नाही तर मार्गारीन, मैदा नाही तर कोंड्याचे पीठ. टंचाईतून आलेला हा पदार्थ टंचाई गेल्यावरही तिथल्या माणसांनी सोडला नाही, कारण तो चवीला उणा नव्हता. इथे एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. त्याच युद्धाच्या काळात, १९४३ साली, बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. विलायतेत लोणी मोजून मिळत होते तेव्हा आपल्याकडे भातच मिळत नव्हता. टंचाई हा एकच शब्द, पण दोन ठिकाणी त्याची वजने किती वेगळी!

आता कुणी म्हणेल, मार्गारीन वापरले म्हणजे पदार्थ बिनदुधाचा झाला. तसे नाही. तिसऱ्या नेपोलियनने स्वस्त लोण्यासाठी बक्षीस लावले आणि १८६९ मध्ये मेज-मूरिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मार्गारीन तयार केले. ते बैलाच्या चरबीत दूध घुसळून केलेले होते. आजही काही मार्गारीनमध्ये दुधाचा अंश असतो. तेव्हा युद्धातला क्रंबल काटकसरीचा होता, पण दुधापासून पूर्ण मुक्त असेलच असे नाही. दुधावाचून नेमके कसे भागवायचे, हा प्रश्न त्याच्याही आधी आपल्या शेजारी, नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, फार गंभीरपणे विचारला गेला होता.

गांधीजींनी दूध सोडले ते १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर. संयमाचा विचार त्यामागे होता आणि कलकत्त्याकडे गाई-म्हशींचे दूध काढताना होणाऱ्या क्रूरतेची माहितीही त्यांच्या वाचनात आली होती. पुढे १९१८ मध्ये खेड्याच्या धावपळीनंतर ते इतके आजारी पडले की उठणे अवघड झाले. डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: प्रतिज्ञा घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळीच्या दुधाला हरकत कसली? गांधीजींनी शेळीचे दूध घेतले, पण आपण प्रतिज्ञेचे अक्षर पाळले आणि आत्मा मारला, ही बोच त्यांनी आत्मकथेत लपवली नाही. दुधाची जागा घेईल अशी एखादी वनस्पती कुणाला ठाऊक असेल तर सांगावी, असे त्यांचे मागणे होते.

हा शोध घेऊन ते वर्ध्याला आले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण शोध त्यांच्याबरोबर आला, हे खरे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे घर झाले. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीन शिजू लागले. गांधीजी त्याचे प्रयोग करत होते आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहीत होते. आज विदर्भात सोयाबीन सर्वत्र दिसते, तेव्हा ते अनोळखी कडधान्य होते. त्याच मगनवाडीत बैलघाणीवर सुधारणा झाल्या आणि 'वर्धा घाणी' गावोगाव माहीत झाली. तीळ, शेंगदाणा, जवस यांचे ताजे तेल गावातच निघावे आणि गावातच खाल्ले जावे, हा त्यामागचा आग्रह.

गंमत पाहा, त्याच वर्ध्यात १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाचे काम हाती घेतले. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते याच कामात होते. वर्ध्याला गेलेला नागपूरकर अजूनही गोरस भांडारातून गाईच्या तुपातला गोरसपाक घेतल्याशिवाय परतत नाही. तोंडात टाकताच विरघळणारा, भुगा होणारा तो पदार्थ म्हणजे एका अर्थी आपला वऱ्हाडी चुराच. एका गावात दोन्ही गोष्टी नांदत होत्या: गाईच्या तुपाचा मान आणि दुधावाचून जगता येईल का याचा शोध. यात मला विसंगती दिसत नाही. दोन्ही बाजूंना हवे होते ते एकच. जे खायचे ते कुठून आले, कसे आले, हे खाणाऱ्याला ठाऊक असावे.

आणि नेमके हेच ज्याने बिघडवले, ते त्याच दशकात बाजारात आले. वनस्पती तुपाची गोष्ट मी मुद्दाम सांगते. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात सापडली. १९३७ साली आपल्याकडे डालडा आला. पिवळ्या डब्यावरचे ते हिरवे माडाचे झाड आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागे. तो स्वस्त होता, रवाळ होता, दिसायला थेट तुपासारखा होता. आणि इथेच गोची होती. व्यापारी तो तुपात मिसळत आणि तूप म्हणून विकत. गांधीजींनी आणि अनेकांनी त्याला विरोध केला तो यासाठी. शेवटी कायद्याने वनस्पतीत थोडे तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलाची एक रासायनिक चाचणी आहे, तिच्यात नमुना गुलाबी होतो. तूप म्हणून आणलेला नमुना गुलाबी झाला की भेसळ उघडी पडे. चोराच्या खिशात घंटा बांधावी, तशी ही योजना.

दुसरी गोष्ट कळायला आणखी कैक वर्षे लागली. अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतात आणि ती हृदयाला लोण्यापेक्षाही वाईट. आपल्या देशात तेला-वनस्पतीतली त्यांची मर्यादा हळूहळू खाली आणत जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली गेली. म्हणजे दूध नाही म्हणून पदार्थ चांगला, हे गणित चुकीचे होते. वनस्पती बिनदुधाचीच होती की!

या सगळ्यातून मला एक गोष्ट उमगली. बदली पदार्थ येतात दोन वाटांनी. एक येतो नक्कल होऊन, दुसऱ्याच्या नावावर. दुसरा येतो आपल्या नावाने. वनस्पतीला तूप व्हायचे होते, म्हणून ती कायम संशयात राहिली. चुऱ्याला पाय व्हायचे नव्हते. तो चुरा म्हणूनच आला आणि म्हणून टिकला. आपले तिळगूळ, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की यांना कुणी 'बिनदुधाचे' म्हणत नाही, कारण त्यांना दुधाची कधी आठवणच झाली नाही. तिळाला आणि दाण्याला स्वतःचे तेल असते, आणि गूळ त्यांना बांधून ठेवतो.

घरात अ‍ॅलर्जीचे मूल असेल तर नावाचा हा खरेपणा तत्त्वापुरता राहत नाही, तो जिवाशी येतो. पुष्कळ लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. दूध पचत नाही, पोट फुगते, त्या माणसाला दुधातली साखर सोसत नसते. त्याला चमचाभर तूप बहुधा बाधत नाही, कारण तुपात ती साखर जवळपास नसते. दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी. तिथे वैर दुधातल्या प्रथिनांशी असते आणि तुपात राहिलेला किंचित अंशही घातक ठरू शकतो. "अगं, थोडे साजूक तूप आहे, त्याने काय होते!" हे आपल्याकडचे प्रेमाचे वाक्य अशा घरात धोक्याचे आहे. बिस्किटात दूध पावडर असते, मार्गारीनमध्ये दूध असू शकते. २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर दूध, शेंगदाणे, सोयाबीन, गहू अशा घटकांचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. ती बारीक अक्षरे चष्मा लावून वाचायची सवय मला या वयात लागली.

आता ओव्हनचे काय? "आमच्याकडे कुठला ओव्हन!" असे म्हणणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावे. रोडगे आपण कशात भाजतो? गोवऱ्यांच्या निखाऱ्यात. वरखाली आच देऊन कणीक भाजण्याची विद्या विदर्भाच्या शेतात पिढ्यान् पिढ्या आहे. काही घरांत तोच रोडगा कुस्करून त्यात गूळ आणि तूप घालतात. तोही चुराच, फक्त आधी भाजलेला. पावाची भट्टी आली ती नंतर. १८२१ मध्ये कामठीला इंग्रजांची छावणी पडली आणि १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. गोऱ्या पलटणीला आणि रेल्वेच्या साहेबांना पाव लागायचाच. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई नानकटाईचे पीठ मळून घमेल्यात भरायची आणि आम्ही भावंडे ते घेऊन बेकरीत जायचो. भट्टीवाले काका पत्र्याचे ट्रे द्यायचे, आम्ही ओट्यावर बसून गोळे थापायचो. त्या नानकटाईत अर्थातच डालडा. नंतर घरात अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, आणि ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी कढईत वाळू तापवून, वर झाकण ठेवून केक भाजले. चुऱ्याला यातले काहीही चालते. तो केकसारखा नखरेल नाही. फुगला नाही म्हणून रुसत नाही.

आमच्या घरी ठरलेले प्रमाण सांगते. पाव किलो पेरू आणि पाव किलो सफरचंद. पेरूच्या बिया काढून टाकायच्या, दोन्हींच्या बारीक फोडी करायच्या. दोन चमचे गूळ, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. चुऱ्यासाठी दीडशे ग्रॅम कणीक, पन्नास ग्रॅम ज्वारीचे पीठ, शंभर ग्रॅम साखर आणि ऐंशी ग्रॅम खाण्याचे खोबरेल तेल. लोणी असते तर शंभर ग्रॅम लागले असते. लोण्यात पाचव्या हिश्शाहून थोडे कमी पाणी आणि दुधाचे घन पदार्थ असतात, तेल मात्र निव्वळ तेल. म्हणून ते तेवढ्या मानाने कमी घ्यायचे. हा हिशेब चुकला की चुरा तेलकट होतो आणि दोष बिचाऱ्या तेलावर येतो.

तेल पिठाच्या कणाकणावर बसले की पाणी आत शिरत नाही, कणकेतला चिकटपणा जागा होत नाही आणि चुरा खुसखुशीत राहतो. ज्वारीत तो चिकटपणा नसतोच, म्हणून थोडी ज्वारी फार उपयोगी पडते. मात्र तेल थिजलेले हवे. खोबरेल सुमारे २४-२५ अंशांना वितळते. म्हणजे हा पदार्थ नागपूरला थंडीचाच. डिसेंबरात बाटली आपोआप पांढरी होते, बोटांच्या टोकांनी पटपट चोळले की रवाळ चुरा तयार. मे महिन्यात ४५ अंशांत हाच उद्योग केला तर पिठाचा चिखल होईल. तेव्हा तेल आधी फ्रीजमध्ये ठेवावे आणि हाताऐवजी काट्याने कालवावे. शेंगदाणे चालत असतील तर मूठभर दाण्याचा कूट घालावा, पण पाहुण्यांत कुणाला दाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना, हे आधी विचारावे.

आणि संत्रे? नागपूरचा पदार्थ आणि संत्रे नाही, हे कसे चालेल! आमचा पहिला प्रयत्न याच हट्टापायी फसला. सगळ्या फोडी सालपटासकट टाकल्या आणि भांडे बाहेर आले ते कडू. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पांढऱ्या पडद्यात एक द्रव्य असते. ते आधी चवीला कळत नाही, पण रसात मिसळून तापले की कडवट होते. संत्र्याच्या रसाचा धंदा करणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. तेव्हा संत्रे शिजवायचे नाही. धुतलेल्या सालीचा फक्त वरचा नारिंगी भाग किसून चुऱ्यात मिसळायचा. सोललेल्या, बिया आणि पडदे काढलेल्या फोडी वाढताना बाजूला ठेवायच्या. भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, संत्र्याची रोपे नागपूरला आली, असे सांगतात. २०१४ साली या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याचा खरा मान त्याच्या सैल सालीच्या वासात आहे. ओव्हन उघडला की तो आधी समोर येतो. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे. कडेने रस बुडबुडायला लागला आणि वरचा चुरा बदामी झाला की उतरवायचा. दहा मिनिटे थांबायचे, नाहीतर जीभ भाजते.

यंदा नातीच्या वाढदिवसाला आम्ही दोन मोठी भांडी केली. मुद्दाम वेगळी ताटली ठेवली नाही, कुणाला सांगितलेही नाही की हे बिनदुधाचे आहे. सगळ्या मुलांनी एकाच भांड्यातून घेतले. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "आजी, हे कशाचे आहे?" मी उत्तर देण्याआधी नातच म्हणाली, "चुऱ्याचे. आमच्याकडे असेच करतात."

पंगतीत एकाचे पान वेगळे वाढावे लागले की त्या माणसाला घास गोड लागत नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होते. म्हणून त्या सगळ्यांना चालेल असेच काहीतरी रांधत. दुधाला नावे ठेवण्याचे कारण नाही, संत्रा बर्फीचा डबा आमच्या घरात आजही येतो. पण तुमच्या ओळखीत असे एखादे पान वेगळे पडत असेल, तर या थंडीत त्याच्यासाठी, आणि त्याच्याबरोबर सगळ्यांसाठी, हा चुरा करून पाहा.



(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)